पाणी खोटं होतं

बायको गेली हे मला आमच्या स्वयंपाकघरात कळलं, आणि त्या वेळी माझ्याबरोबर घरात फक्त पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिस करायला आलेला माणूस होता.

आदल्या दिवशी दुपारी तिला दवाखान्यात नेलं होतं. मी तिची शाल आणि चष्मा न्यायला घरी आलो होतो. त्या सकाळी तिने माझ्या शर्टाची बटणं वरखाली लागलीत म्हणून सगळ्या वॉर्डासमोर मला सुनावलं होतं, म्हणजे तब्येत सुधारत होती. दारात फिल्टरवाला उभा. त्याला तिनेच आठवडाभर आधी बोलावून ठेवलं होतं. मी दार उघडलं, तो स्टुलावर चढला, मी शाल शोधत राहिलो. तेवढ्यात मेहुणीचा फोन आला. "भावजी," एवढंच म्हणाली आणि पुढे बोललीच नाही. पुढचं मला नीट आठवत नाही. फिल्टरवाला स्टुलावरून उतरला, त्याने मला दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि पाण्याचा ग्लास हातात दिला. मी तो पूर्ण प्यायलो. मग त्याने फिल्टरचं झाकण लावलं, दिवा हिरवा झाला हे पाहिलं, आणि पैसे न घेता दार हळू ओढून गेला.

तर ही गोष्ट बायकोची नाही. तिच्याबद्दल मला लिहिता येत नाही. ही गोष्ट त्या फिल्टरची आहे.

मध्ये काही महिने गेले. एके दिवशी जिन्यात वकीलसाहेब भेटले. वकीलसाहेब आमच्या शेजारी राहतात आणि ते वकील नाहीत. कोर्टाच्या फाटकाबाहेर टाइपरायटर घेऊन बसत. पण जन्मभर दुसऱ्यांचे दावे टाइप केल्यामुळे त्यांना कायद्याची सगळी वाक्यं पाठ आहेत; ती कुठे वापरायची एवढंच माहीत नाही.

"गोदामवाले," ते म्हणाले, "तुमचा फिल्टर फिल्ममध्ये आलाय."

मी आयुष्यभर एका गोदामात माल मोजून घेतला, म्हणून मी गोदामवाले.

"माझा?"

"तुमच्या कंपनीचा हो. माहितीपट काढलाय. मालकाचे बंगले, बोटी, सगळं दाखवलंय. आणि फिल्टरच्या आत काय असतं तेही दाखवलंय."

"काय असतं?"

"बघा म्हणजे कळेल," असं म्हणून ते वर गेले. या माणसाला कुठलीही बातमी अर्धीच द्यायची सवय आहे. पूर्वी टाइपिंगचे पानागणिक पैसे मिळत, त्यामुळे असेल.

मी फिल्म बायकोच्या फोनवर पाहिली. माझा फोन बटणांचा आहे, त्यावर फक्त बोलता येतं. तिचा फोन मी रोज चार्ज करतो. का करतो असं मेहुणीने एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, बॅटरी खराब होऊ नये म्हणून. खरं कारण असं, की त्यात तिने माझ्या रक्तदाबाच्या गोळीचा गजर लावून ठेवलाय. साधा गजर मला ऐकू येत नाही, येतो पण मी उठत नाही, म्हणून भाचीकडून तिने त्यात स्वतःचा आवाज भरून घेतला. रोज संध्याकाळी तो फोन आतल्या खोलीतून मला ओरडतो. मी गोळी घेतो. यात रडण्यासारखं काही नाही, रक्तदाबही ताब्यात आहे.

तर फोन साखरेच्या डब्याला टेकवून मी फिल्म पाहिली. त्यात एका प्रयोगशाळेत आमच्याच फिल्टरसारखा फिल्टर करवतीने कापला. आत एक पांढरी नळी, नळीत स्पंज. भांडी घासायला वापरतात तोच, फक्त गोल कापलेला. आणि तो हिरवा दिवा, ज्यावर मी इतकी वर्षं विसंबून होतो, तो पाण्याला जोडलेलाच नव्हता. बटण दाबलं की लागायचा. नळाला गटाराचं पाणी आलं असतं तरी तो हिरवाच राहिला असता.

मी गोदामातला माणूस. पोत्यात बोट घालून पाहिल्याशिवाय पावतीवर सही केली नाही कधी. आणि माझ्याच भिंतीवर सहा वर्षं एक रिकामा डबा मला हिरवा दिवा दाखवत होता. बायको मात्र फिल्टरचं पाणी पुन्हा पातेल्यात उकळायची. मी म्हणायचो, "अगं, गाळलेलं पाणी परत उकळणं म्हणजे इस्त्रीच्या कपड्यांना परत इस्त्री." ती म्हणायची, "असू द्या." ती गेल्यापासून मी न उकळता पीत होतो. फिल्म संपेपर्यंत माझं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "काही झालेलं नाही." मी म्हटलं, "होईल." ते म्हणाले, "झालं की या."

फिल्ममध्ये शेवटी एक माणूस अंधारात बसून बोलतो. चेहरा काळा केलेला, आवाज घोगरा करून टाकलेला. कंपनीत सर्व्हिसला होता म्हणे. नळी बदलायची म्हणजे स्पंज धुऊन परत घालायचा, हे त्याने सांगितलं. बोलता बोलता तो दोनदा म्हणाला, "बघा, काचेसारखं." मी ताठ बसलो. आमचा फिल्टरवाला दर वेळी नळ सोडून ग्लास उजेडात धरायचा आणि हेच म्हणायचा. शिवाय बोलताना उजव्या हाताने डाव्या हाताचा अंगठा दाबत बसायचा, तेही तसंच.

आता फिल्मच्या खाली लोकांनी आपापली मतं लिहिली होती. मी ती वाचायला नको होती. एकाने लिहिलं होतं, मालकाला रोज त्याच्याच फिल्टरचं पाणी पाजा. एक म्हणाला, विषय चांगला पण संगीत फार मोठं. एकाने लिहिलं, मी तर पहिल्यापासून सांगत होतो. कोणाला, ते लिहिलं नव्हतं. एका बाईंना मालकाच्या बंगल्यातले निळे पडदे आवडले होते आणि ते कुठे मिळतील असं त्या विचारत होत्या. बोटीवर एक मांजर दिसतं, ते कितव्या मिनिटाला यावर एक जण दोघांशी भांडत होता. आणि बाकी बहुतेक जण त्या अंधारातल्या माणसावर तुटून पडले होते. हाही चोरच. तेव्हा गप्प का होता? याचं तोंड दाखवा. याला आधी आत टाका.

मला राग आला. मला सहसा येत नाही. आमच्या घरात ते खातं बायकोकडे होतं. मी एका बोटाने टाइप करून लिहिलं:

"या कंपनीचा फिल्टर आमच्या भिंतीवर सहा वर्षं आहे. मालक लुच्चा आहे. पण अंधारात बसलेल्या माणसाला चोर म्हणू नका. तो आमच्या घरी येतो. घरातल्या सर्वांत वाईट दिवशी त्याने मला हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं. पाणी खोटं होतं. त्याला तो काय करणार."

पाठवलं आणि समाधानाने झोपलो. आयुष्यात पहिल्यांदाच जगाला मी काहीतरी सांगितलं होतं.

सकाळी मेहुणीचा फोन.

"भावजी, ताईने काहीतरी लिहिलंय."

"ते मी लिहिलंय."

"तिच्या फोटोखाली आलंय! मी बसमध्ये होते. पुढच्या बाईच्या अंगावर फोन टाकला मी. त्या बाई ओरडल्या, मी ओरडले, ड्रायव्हरने बस थांबवली."

"फोन तिचा आहे ना, म्हणून तिच्या नावाने गेलं असेल. चुकून झालं."

ती नाक ओढून म्हणाली, "पण 'लुच्चा' शब्द तिचाच आहे हो."

"इतकी वर्षं ऐकला. तेवढा तर शिकलोच."

दुपारी वकीलसाहेब स्वतःचा फोन पुढे धरून आत आले. फोनमध्ये माझी बायको होती. मेहुणीने जबरदस्तीने घालायला लावलेला काळा गॉगल लावून हसत होती, आणि शेजारी तिचं पूर्ण नाव आणि मालक लुच्चा आहे.

"अब्रूनुकसानी," वकीलसाहेब म्हणाले. "असले दावे टाइप करून बोटं झिजवलीत मी. तीन प्रतींत."

"पण मालक लुच्चा आहेच. फिल्ममध्ये दाखवलंय."

"फिल्मवाल्यांकडे वकील आहेत. तुमच्याकडे कोण आहे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"पण लिहिणाऱ्याला पकडतील ना? आणि नाव तर हिचं आहे."

"त्या वारल्यात. आणि वारल्यावर चार महिन्यांनी लिहिलंय. म्हणजे अब्रूनुकसानी अधिक तोतयेगिरी. तुम्ही मृत्यूचा दाखला दाखवलात की त्या सुटतात आणि तुम्ही अडकता. गोदामवाले, आधी त्यांच्या खात्यातून बाहेर पडा. आत असलात तर माग निघतो."

त्यांनी दाखवलं तिथे मी बोट दाबलं. गॉगलमधली बायको फोनमधून गेली. आम्ही दोघांनी एकेक कप चहा घेतला. मोठं संकट टळल्यावर माणसं बसतात तसे बसलो होतो.

मग वकीलसाहेब म्हणाले, "हं. आता ते लिहिलेलं काढून टाका."

"कसं काढू? बाहेर पडलो ना."

"मग परत आत जा."

फोन म्हणाला, पासवर्ड घाला.

मी माझं नाव घातलं. चूक. तिची जन्मतारीख घातली. चूक. मेहुणीचं नाव, भाचीचं नाव, दूधवाल्याचं नाव, चूक. लग्नाची तारीख घातली. चूक. लग्नाच्या तारखेबाबत ती असती तर तीही हेच म्हणाली असती. शेवटी फोनने सांगितलं की तुमच्या नंबरवर एक आकडा पाठवलाय, तो घाला. पण तिचा नंबर रिचार्ज न केल्यामुळे बंद झाला होता. फोन चालत होता तो घरातल्या इंटरनेटवर. म्हणजे तो आकडा निघाला होता आणि कुठेच पोचत नव्हता.

मोबाइल कंपनीच्या कार्यालयात गेलो. खिडकीमागे एक मुलगी होती, फार नम्र. नम्र माणसांची मला भीती वाटते, त्यांच्याशी भांडता येत नाही.

"हा नंबर पुन्हा चालू करायचाय," मी म्हणालो.

"करू ना काका. ग्राहकांना घेऊन या."

"त्या येऊ शकत नाहीत."

"आजारी आहेत का? मग आमचा माणूस घरी येऊन फोटो घेईल."

"त्या वारल्या."

"अरेरे. मग दाखला द्या, आम्ही नंबर बंद करतो."

"तो बंदच आहे. मला चालू हवाय."

"मग तुमच्या नावावर करून घ्या. अर्जावर मूळ ग्राहकांची सही आणा फक्त."

मी म्हटलं, "बाळ, सही कुठून आणू?" तिने खरोखर विचार केला. मग आतल्या साहेबांना विचारून आली आणि म्हणाली, "साहेब म्हणतात, अंगठाही चालेल."

मी घरी आलो. त्या दिवसापासून मला भीती जी लागली ती लागलीच. अनोळखी नंबरचा फोन आला की मी उचलून श्वास धरून बसायचो. पलीकडचाही तसाच बसायचा. इमारतीखाली दोन दिवस एक मोटारसायकल उभी होती. मी आणि वकीलसाहेब आळीपाळीने पडद्याआडून तिच्यावर नजर ठेवून होतो. वकीलसाहेबांनी तिचा नंबर लिहून घेतला. तिसऱ्या दिवशी कळलं की ती त्यांच्याच जावयाची आहे. मुलीशी वाद झाल्यामुळे जावई वर यायला घाबरत होता आणि खालच्या चहाच्या दुकानात बसून होता.

आणि माझ्या कॉमेंटखाली उत्तरं साठत होती. आत न जाताही वाचता यायची. ताई, बरोबर बोललात. काकू, सांभाळून हं. ताई, गॉगल छान. एकाने विचारलं होतं, ताई, आमच्याही फिल्टरचा दिवा हिरवाच आहे, घरात तान्हं बाळ आहे, काय करू? त्याला कोणी उत्तर दिलं नव्हतं. बायकोने एका शब्दात दिलं असतं. उकळा. मला ते उत्तर माहीत होतं आणि लिहिता येत नव्हतं. मी दिवसातून अनेकदा ते पान उघडायचो. काढून टाकायचं होतं म्हणून उघडायचो, असं मी वकीलसाहेबांना सांगायचो. पण इतके लोक तिच्याशी बोलत होते, हेही होतंच.

मग तो आला.

संध्याकाळची वेळ. बेल वाजली. दारात टाय लावलेला माणूस, हातात चामडी बॅग. त्याने फिल्टरच्या कंपनीचं नाव घेतलं आणि मी दाराची कडी घट्ट धरली.

"मॅडम आहेत का?"

मी विचार केलेला नव्हता. तोंडातून निघालं, "झोपल्यात."

"उठू द्या. मी थांबतो," असं म्हणून त्याने बूट काढले आणि तो आत येऊन बसला.

ठरलं असं होतं, की संकट आलं तर मी भिंतीवर थाप मारायची आणि वकीलसाहेबांनी धावत यायचं. मी पाठ टेकल्यासारखं करून दोनदा थाप मारली. भिंतीपलीकडे टीव्हीचा आवाज मोठा झाला.

टायवाल्याने स्वयंपाकघरातल्या फिल्टरकडे मान वळवली. "व्यवस्थित चालू आहे ना?"

"दिवा हिरवा आहे," मी म्हणालो.

"वा," तो म्हणाला.

"काका, घाबरू नका. कॉमेंटबद्दल आमचं काही म्हणणं नाही. लोक बोलतातच. मला एवढंच विचारायचंय, तुमच्याकडे सर्व्हिसला कोण यायचं?" त्याने फोन काढला आणि टोपी घातलेल्या माणसांचे फोटो एकेक करून दाखवायला सुरुवात केली. "आमच्या ऑफिसला सील लागलंय, कोण कुठे जायचं ते रेकॉर्ड आत अडकलंय, माझ्याकडे गिऱ्हाइकांची नावं-पत्ते तेवढे आहेत, म्हणून दारोदार फिरावं लागतंय. यातला कोण?"

चौथा फोटो आमच्या फिल्टरवाल्याचा होता. केस नीट विंचरलेले, कॅमेऱ्याकडे जरा घाबरून पाहणारा.

तेव्हा मला कळलं मी काय करून ठेवलंय ते. इतके दिवस मी स्वतःसाठी घाबरत होतो. फिल्मवाल्यांनी त्या माणसाला अंधारात बसवलं, चेहरा पुसला, आवाज बदलला, आणि मी खाली लिहून ठेवलं होतं की तो आमच्या घरी येतो. वर बायकोचं पूर्ण नाव. गोदामात आम्ही पोत्यावर चिठ्ठी चिकटवायचो, माल कुठून आला आणि कुठे जायचा त्याची. त्याच्या पाठीवर ती मी चिकटवली होती, आणि तीसुद्धा प्रेमाने.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच फिल्ममधल्यासारखा घोगरा ऐकू आला. "दार मॅडमच उघडायच्या."

"मग मॅडमनाच विचारू. दोन मिनिटांचं काम. उठवा ना."

"त्या उठणार नाहीत."

"रागावतात का?"

"नाही."

"मग?"

"त्या वारल्या."

"आत्ता तर झोपल्यात म्हणालात."

"मी शेवटचं पाहिलं तेव्हा तशाच दिसत होत्या."

त्याला खरंच वाईट वाटलं असावं. टाय सैल करून त्याने कधी गेल्या ते विचारलं. मी सांगितलं. मग त्याने फोनमध्ये पाहिलं, बोटांवर महिने मोजले, पुन्हा पाहिलं.

"काका, कॉमेंट तर परवाची म्हणावी इतकी ताजी आहे. मॅडम जाऊन महिने झाले. मग लिहिलं कोणी?"

मी म्हणणार होतो. मी लिहिलं, असं म्हणायला तोंडही उघडलं होतं. पण मी लिहिलं म्हणजे मी त्या माणसाला पाहिलं, आणि पाहिलं म्हणजे बोट दाखवा. फोन अजून माझ्यासमोर होता आणि चौथा फोटो माझ्याकडे पाहत होता.

"तेच आम्हाला कळत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे फोन त्यांचा आहे. आतल्या खोलीत असतो. मी लावत नाही हात."

त्याने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. आणि आतून माझी बायको खणखणीत आवाजात म्हणाली:

"अहो! गोळी घेतली का? नाही ना? बसलात ना तसेच! उठा बघू!"

"उठा बघू" ला टायवाला उठला. ती बोलली मला, पण मी वर्षानुवर्षांच्या सवयीने दुसऱ्या हाकेची वाट पाहत बसून राहिलो. तो दाराकडे निघाला.

"उठलात का?" बायको म्हणाली.

"उठलो!" असं तो म्हणाला, हे मी शपथेवर सांगू शकतो. बूट हातात घेऊन तो जिना उतरला. बॅग विसरला होता, तीसुद्धा त्याने नंतर रिक्षावाल्याला पाठवून मागवली.

मी शौर्य वगैरे केलेलं नाही. गोळी घेताना अर्धा ग्लास छातीवर सांडला. तेवढ्यात वकीलसाहेब आले.

"मी सगळं ऐकत होतो," ते म्हणाले. "साक्षीदाराने नेहमी बाहेरच थांबावं."

"टीव्ही कशाला मोठा केलात?"

"त्याला संशय येऊ नये म्हणून. पण गोदामवाले," ते खाली बसले, आणि त्यांचा आवाज एकदम वेगळाच झाला, "वहिनींचा आवाज बऱ्याच दिवसांनी ऐकला हो."

काही दिवसांनी मागच्या जिन्याने कोणीतरी आलं आणि दारावर नखाने टकटक केली. आधी मी उघडलंच नाही. मग बाहेरून आवाज आला, "साहेब, मी फिल्टरवाला." मी त्याला आत ओढून कडी लावली. त्याने हेल्मेट काढलं नाही, नुसती काच वर केली. तो आधीच काम सोडून भावाकडे राहत होता. टायवाला आमच्याकडे आल्याचं त्याच्या कानावर आलं होतं.

"मी चूक केली रे," मी म्हणालो. "मी ते काढणार आहे. पासवर्ड सापडला की लगेच."

"काढू नका, साहेब."

"अरे, तुझ्या जिवावर बेतेल."

"त्यांना माझा संशय आधीपासून आहेच. फक्त गिऱ्हाइकाने बोट दाखवायला हवं होतं, ते कोणी दाखवलं नाही. पुढच्या आठवड्यात मी कोर्टात उभा राहणार आहे, उघड्या तोंडाने. मग लपवायला काही उरत नाही." तो अंगठा दाबत होता. "रात्री झोप येत नाही, खोटं कशाला बोलू. पण त्या फिल्मखाली एवढ्या लोकांनी लिहिलंय, त्यात मला चोर न म्हणणारं ते एकच आहे. आईला वाचून दाखवलं मी. ते राहू द्या."

मी बरं म्हणालो. तो जायला उठला, दाराशी जाऊन परत आला.

"साहेब, एक सांगू? त्यात एक चूक आहे."

"कुठली?"

"पाणी खोटं होतं, असं लिहिलंय तुम्ही. ते फिल्टरचं नव्हतं हो. त्या वेळी मी तुम्हाला त्या डब्यातलं कसं देईन? ओट्यावर झाकलेलं पातेलं होतं, वर फडकं बांधलेलं. काकू उकळून ठेवायच्या ते. मलाही दर वेळी त्यातलंच द्यायच्या. त्यातलं दिलं तुम्हाला."

आदल्या दिवशी सकाळी, दवाखान्यात जायच्या आधी, तिने ते उकळलं असणार. मी खुर्चीत बसलो. त्या दिवशी त्याने मला बसवलं होतं तीच ही खुर्ची.

"तिला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्याच वर्षी विचारलं होतं त्यांनी, यात काही आहे का रे? मी म्हटलं, काकू, मला नका विचारू. परत कधी विचारलं नाही. पुढच्या वेळी आलो तर पातेलं मोठं घेतलेलं."

त्याने हेल्मेटची काच खाली केली आणि मागच्या जिन्याने गेला. मी कडी लावली आणि ती लागली का हे दोनदा पाहिलं. त्याची साक्ष अजून व्हायची आहे, आणि बेल वाजली की मी अजूनही आधी दाराच्या फटीतून बघतो. पाणी मी आता उकळून पितो.

मेहुणी म्हणते, पासवर्ड भाचीनेच घातला होता. ती सुट्टीत येईल तेव्हा तिला कदाचित आठवेल. आठवला तर त्या बाळाच्या घरच्यांना उत्तर द्यायचं आहे. आणि "पाणी खोटं होतं" ही ओळ दुरुस्त करायची आहे. ती अजून तशीच आहे.